कोपऱ्यातला पांढुरका डाग आणि काळपट आलेले अल्बम

प्रश्न: मी राळेगाव तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. लग्नाचे फोटो काढतो, अल्बम डिझाईन करून नागपूरच्या लॅबला पाठवतो. मागच्या वर्षी जानेवारीत कापूस विकल्यावर बाबांनी लॅपटॉप घेऊन दिला, १५.६ इंची, फुल एचडी. दिवाळीपासून स्क्रीनच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात पांढुरकं दिसतं. दिवसा काही नाही, पण रात्री वरातीचे फोटो उघडले की डोळ्यांत येतं. तालुक्याचा दुकानदार म्हणतो, पॅनल गेलं, साडेसहा हजार लागतील, नाही बदललं तर सगळीकडे पसरेल. यवतमाळचा म्हणतो, काही झालं नाही, चालवा. यूट्यूबवर बघून मऊ कापडानं कोपरा चोळला तर कमी झालं, पण दोन दिवसांत परत आलं. त्यातच मागचे दोन अल्बम लॅबमधून काळपट आले आणि पार्टीनं पैसे कापले. वॉरंटी दोन महिन्यांपूर्वी संपली. बाबा म्हणतात, "दिसते ना त्यात? मंग कायले साडेसहा हजार घालतं?" उन्हाळ्याची लग्नसराई तोंडावर आहे. बदलू की नको? सोबत रात्री काढलेला स्क्रीनचा फोटो जोडतो.

उत्तर:

भाऊ, निकाल आधीच सांगून टाकतो. स्क्रीन बदलू नका, निदान या लग्नसराईत तरी नाही. तुमच्या पत्रात दुखणी दोन आहेत आणि तुम्ही ती एकाच दाव्याला बांधली आहेत. कोपऱ्यातला पांढरेपणा हे एक, काळपट अल्बम हे दुसरं. साडेसहा हजार घातले तर पहिलं कदाचित जाईल. दुसरं जागचं हलणार नाही, आणि पार्टी पुन्हा पैसे कापेल.

आधी तो कोपरा बघू. एलसीडी स्क्रीनवरचं चित्र स्वतः उजेड देत नाही. बहुतेक लॅपटॉपांत स्क्रीनच्या खालच्या कडेला आतून बारीक एलईडींची पट्टी असते. तिचा उजेड अ‍ॅक्रिलिकच्या एका पातळ शीटमधून सगळीकडे पसरतो, वर दोन-तीन फिल्मा त्याला सारखा करतात आणि त्यापुढच्या काचेत लाखो बारीक झडपा असतात. काळं दाखवायचं म्हणजे झडपा लावून घ्यायच्या. मागचा दिवा तेव्हाही चालूच असतो. आता टिनाच्या घरात दुपारी दार लावून पडलं तरी खिळ्यांच्या भोकांतून उन्हाचे कवडसे जमिनीवर येतातच की नाही? तसंच हे. या सगळ्या जोडणीच्या, म्हणजे पॅनलच्या, एखाद्या कोपऱ्यावर चौकटीचा किंवा बिजागरीचा दाब आला, काच केसभर वाकली, की तिथल्या झडपा नीट लागत नाहीत आणि उजेड झिरपतो. याला बॅकलाइट ब्लीड म्हणतात, दुकानात "लाइट लीक" म्हणतात. खालच्या कोपऱ्यांत ते जास्त दिसतं, कारण एलईडीची पट्टी खाली असते आणि बिजागऱ्याही तिथेच असतात.

आता थोडं गणित. साधारण लॅपटॉपची स्क्रीन फुल ब्राइटनेसला २५० निटच्या (निट हे उजेड मोजायचं एकक) आसपास उजेड देते. आयपीएस नावाच्या प्रकारच्या पॅनलचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या आणि काळ्या उजेडाचं प्रमाण, १००० ला १ धरला, तर त्याच वेळी काळा भाग पाव निट उजेड देत असतो. समजा तुमच्या कोपऱ्यात गळती होऊन तो पावाचा पाऊण झाला. रात्री अंधारात काळ्या आभाळाचा फोटो उघडला, तर तिप्पट उजेड डोळ्यांत खुपणारच. पण त्याच कोपऱ्यात नवरीची पांढरी साडी आली, तर २५० च्या जागी साडेदोनशे आणि वर अर्धा. तो अर्धा कुणाच्या बापाला दिसणार नाही. दिवसा तुम्हाला काहीच दिसत नाही त्याचं कारणही हेच. खोलीतल्या उजेडापुढे त्या अर्ध्या निटाचा टिकाव लागत नाही.

तुम्ही पाठवलेला फोटो पाहिला. त्यात अर्धी स्क्रीन पेटल्यासारखी दिसते. फोटोवाल्यानं असा फोटो पाठवावा याचं मला जरा हसू आलं, रागावू नका. काळी स्क्रीन समोर धरली की मोबाइल एक्स्पोजर वाढवत नेतो, काळ्याचं राखाडी करतो आणि कोपऱ्याचा पांढरा शुभ्र करतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. त्या फोटोवरून दुकानदार पॅनल विकू शकतो, निदान करू शकत नाही.

निदान तुम्हीच करा. पूर्ण काळ्या रंगाची एक फाईल बनवा, १९२० बाय १०८०. रात्री दिवे बंद करून ती फुल स्क्रीनवर लावा, ब्राइटनेस रोज ठेवता तेवढाच ठेवा. डोळे अंधाराला सरावायला दोन-तीन मिनिटं द्या. मग हातभर अंतरावरून समोर सरळ बसून बघा आणि डोकं डावीकडे, उजवीकडे, मागे हलवा. डोकं हलवल्यावर पांढरेपणा सरकत असेल, मागे गेल्यावर विरत असेल, तर ती गळती नाहीच. तो आयपीएस पॅनलचा स्वभाव आहे, तिरप्या नजरेनं काळं उजळ दिसतं. नवीन पॅनलमध्येही तेच दिसेल. डाग जागच्या जागी राहिला, तर ती गळती.

तुमची गळतीच असावी असं वाटतं, आणि ते मी तुमच्या कापडावरून म्हणतो. चोळल्यावर कमी झालं आणि दोन दिवसांत परत आलं, म्हणजे कोपरा कशाच्या तरी दाबाखाली आहे. तेवढं कळलं, बास. आता पुन्हा चोळू नका. यूट्यूबवर झाकण दोन्ही हातांनी पिळून दाखवणारेही भेटतील. पॅनलची काच फार पातळ असते. आज उजेड झिरपतोय, उद्या तडा गेला तर साडेसहा हजार खरंच लागतील.

गेल्या उन्हाळ्यात एका ग्रामपंचायतीचा ऑपरेटर माझ्याकडे असाच लॅपटॉप घेऊन आला होता. खालच्या उजव्या कोपऱ्यात जुन्या रुपयाएवढा पांढरा डाग. त्यालाही कुणी तरी पॅनल गेलं म्हणून सांगितलेलं. मी काळी फाईल लावून स्क्रीन चालूच ठेवली आणि बेझल, म्हणजे स्क्रीनभोवतीची प्लास्टिकची चौकट, पातळ पट्टीनं खालून उचलायला घेतली. लॉक एकेक टक, टक करत सुटत होते. तिसरा लॉक सुटला आणि डाग आमच्या दोघांच्या डोळ्यांदेखत आकसून तुरीच्या दाण्याएवढा झाला. आत बघतो तर वायफायच्या अँटेनाची वायर खाचेतून सुटून पॅनलच्या पाठीशी आलेली, आणि वरून बेझल तिला दाबून बसलेली. आधी कुणी तरी तो लॅपटॉप उघडला होता आणि वायर खाचेत न बसवताच बंद केला होता. वायर जागेवर बसवली, बेझल लावली, २०० रुपये घेतले. तुरीच्या दाण्याएवढा डाग राहिला तो राहिला. त्यानं परत कधी त्याचं नाव काढलं नाही.

तुमच्याकडे वायरच असेल असं नाही. बिजागरीचा स्क्रू जास्त आवळलेला असेल, किंवा तुमच्या सवयीही कारण असतील. तुम्ही झाकण कसं उघडता? एका हातात कॅमेरा आणि दुसऱ्या हातानं डावा कोपरा धरून उचलत असाल, तर रोज वीस वेळा तो कोपरा पिळला जातोय. मधोमध धरून उघडा. मोटरसायकलवर नेताना बॅगेत लॅपटॉपच्या अंगावर चार्जर आणि फ्लॅश ठेवत असाल, तर तेही बंद करा. कीबोर्डवर इयरफोन ठेवून झाकण लावणारे तर मी रोज बघतो.

यवतमाळच्या दुकानदाराकडे जा. त्यानं पॅनल विकायचं सोडून "चालवा" म्हटलं, माझ्या लेखी ही मोठी गोष्ट आहे. त्याला म्हणा, काळी फाईल लावून बेझल सैल करा, वायर आणि हिंजचे, म्हणजे बिजागरीचे, स्क्रू बघा. दोन-तीनशे रुपयांचं काम आहे. घरी स्वतः उघडू नका. आताची पॅनलं इतकी पातळ असतात की दुकानदार त्यांना पेपर एलईडी म्हणतात. काहींना बाजूला स्क्रूच नसतात, मागून चिकटपट्टीवर बसवलेली असतात. उचकटताना हातातली पट्टी पॅनलच्या कडेत घुसली की खेळ खलास.

"सगळीकडे पसरेल" हे मात्र मला पटत नाही. गळती म्हणजे गजकर्ण नव्हे. दाब वाढला तर वाढते, दाब गेला तर कमी होते, नाही तर वर्षानुवर्षं आहे तेवढीच राहते. पॅनल बदलायचं ते वेगळ्याच कारणांनी: उभी-आडवी रेघ आली, पिवळा किंवा जांभळा डाग बसला, आत पाणी गेल्यासारखे ओघळ दिसायला लागले, किंवा दिवसाढवळ्या पांढऱ्या पानावरही डाग दिसू लागला. झाकण हलवल्यावर स्क्रीन लुकलुकली, तर आधी केबल तपासायची, ती पॅनलपेक्षा बरीच स्वस्त. आणि लॅपटॉप उलटा करून खालचं झाकण फुगलंय का, टचपॅड वर आलाय का, तेही बघा. तसं असेल तर बॅटरी फुगलेली आहे. मग स्क्रीनबिक्रीन राहू द्या, चार्जिंग बंद करून आधी बॅटरी काढून घ्या. ती पेट घेऊ शकते.

आता तुमचं खरं नुकसान करणाऱ्या गोष्टीकडे येऊ. स्क्रीनची गळती फाईलमध्ये जात नाही. लॅबला फाईल जाते, तुमचा कोपरा जात नाही. मग दोन अल्बम काळपट का आले? मी पैज लावतो की तुमचा ब्राइटनेस फुल असतो. २५० निटच्या स्क्रीनवर फोटो झकपक दिसतो, म्हणून तुम्ही तो आणखी उजळ करत नाही. कागदाला मात्र स्वतःचा उजेड नाही, खोलीत जेवढा असेल तेवढ्यावरच त्याला भागवायचं. म्हणून छपाईचं काम करणारे स्क्रीन साधारण १०० ते १२० निटवर ठेवतात, म्हणजे तुमच्या निम्म्यावर.

मोजायचं यंत्र विकत घेण्याची गरज नाही. तुमचा एखादा जुना, चांगला आलेला अल्बम घ्या. त्याच पानाची फाईल लॅपटॉपवर उघडा. सकाळी ओसरीत, थेट ऊन नाही पण उजेड आहे अशा जागी बसा, अल्बमचं पान स्क्रीनच्या शेजारी धरा आणि दोन्ही सारखे दिसेपर्यंत ब्राइटनेस उतरवत न्या. जिथे जुळेल तो आकडा कागदावर लिहून लॅपटॉपच्या झाकणाला चिकटवा. अल्बमचं काम यापुढे त्याच आकड्यावर करायचं. पहिले दोन दिवस स्क्रीन मेल्यासारखी वाटेल. तिसऱ्या दिवशी सवय होते.

आणखी दोन ठिकाणी घोळ होतो. रात्री लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर जातो आणि ब्राइटनेस आपोआप उतरतो. काही लॅपटॉपांत तर बॅटरी वाचवायला स्क्रीन चित्राप्रमाणे स्वतःच कमी-जास्त होते. ही सोय डिस्प्लेच्या किंवा ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये बंद करता येते, करून टाका. बॅटरीवर असताना पानं लावा, कटिंग करा, पण रंगाचा शेवटचा हात लाइट आल्यावरच फिरवा. दुसरं म्हणजे नाइट लाइट. रात्री स्क्रीन पिवळसर करणारी ती सोय चालू असेल, तर हळदीच्या फोटोंत हळद किती आणि नाइट लाइट किती, हे तुम्हालाच कळणार नाही.

एका वाटेनं मात्र तुमचा कोपरा अल्बम बिघडवू शकतो, ती सांगितली नाही तर मी लबाडी केल्यासारखं होईल. वरातीच्या फोटोत खालचा डावा भाग पांढुरका दिसतो म्हणून तुम्ही तिथल्या सावल्या ओढून काळ्या करत असाल, तर स्क्रीनची खोट तुम्ही हातानं फाईलमध्ये उतरवताय. नवरदेवाचा काळा कोट लॅबमधून डांबरासारखा येईल, घडी नाही, बटण नाही. उपाय साधा आहे. काळ्या भागाचा निर्णय घेताना फोटो छोटा करून स्क्रीनच्या मधोमध आणा आणि हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या काळ्या-पांढऱ्याचा आलेख, उघडा ठेवा. त्याचा डोंगर डाव्या भिंतीला टेकून चिरडला असेल तर फोटो काळा आहे, मग स्क्रीन काहीही सांगो. एरवी त्या कोपऱ्यावर टास्कबार आणि सॉफ्टवेअरच्या पट्ट्याच असतात, तिथे फोटोचा जीव फारसा अडकत नाही.

पुढेमागे पॅनल बदलायची वेळ आलीच, तर साडेसहा हजार देऊन डोळे मिटून घेऊ नका. नवीन पॅनलमध्ये गळती नसेल याची हमी कुणी देत नाही, आणि बसवताना हिंज चुकीचा आवळला तर पहिल्याच दिवशी नवी गळती सुरू. पॅनलच्या पाठीवर स्टिकर असतो, त्याचा नंबर जुन्याशी ताडून बघा. सुरुवातीच्या अक्षरांवरून कंपनी कळते: बी१५६ नं सुरू होणारं एयूओचं, एन१५६ इनोलक्सचं, एलपी१५६ एलजीचं, एनव्ही१५६ बीओईचं. कनेक्टर ३० पिनचा की ४० पिनचा हेही जुळलं पाहिजे. काही दुकानांत फुल एचडी काढून गुपचूप १३६६ बाय ७६८ चं बसवतात, तेव्हा सेटिंगमध्ये रिझोल्यूशन वाचूनच पैसे काढा. बेझल लावण्याआधी एकदा आणि लावल्यावर एकदा, काउंटरवरच काळी फाईल लावून बघा. जुनं पॅनल परत मागून घ्या आणि वॉरंटी बिलावर लिहून घ्या.

स्वस्त लॅपटॉपांत बरेचदा ४५ टक्के एनटीएससीचं पॅनल असतं (स्क्रीन किती रंग दाखवते ते मोजायचं हे एक माप). एसआरजीबीचे, म्हणजे फोटोंच्या नेहमीच्या रंगसंचाचे, सगळे रंग दिसायला ७२ टक्क्यांच्या आसपासचं लागतं. नवरीचा लाल शालू तुमच्या स्क्रीनवर विटकरी आणि अल्बममध्ये लालभडक येत असेल, तर मामला हा आहे, गळतीचा नाही. पॅनल कधी बदललंत तर या कारणासाठी बदला आणि ७२ टक्क्यांचं मागा. तुमच्या मॉडेलला ते चालतं का, हे लावून दाखवल्याशिवाय मात्र पैसे देऊ नका. त्यापेक्षा नागपूरला सीताबर्डीत वापरलेला चांगला आयपीएस मॉनिटर बघा, असं मी शहरातल्या फोटोवाल्याला सांगितलं असतं. तुम्हाला सांगत नाही. लाइट गेली की मॉनिटर गेला, आणि तुमच्याकडे ती कधी जाते हे तुम्हीच जाणता.

ते साडेसहा हजार खिशाला खुपतच असतील, तर एक बाहेरची हार्ड डिस्क घ्या. पत्रात तुम्ही बॅकअपबद्दल अवाक्षर काढलेलं नाही आणि मला त्याचीच धास्ती वाटली. कोपरा पांढरा दिसला म्हणून अजून कुणाचं लग्न परत लावावं लागलेलं नाही. डिस्क उडाली तर तुम्ही पार्टीला काय दाखवणार?

वॉरंटीचं थोडक्यात. बिलावरची तारीख आणि कंपनीच्या साइटवर सिरीयल नंबर टाकून दिसणारी तारीख कधी कधी वेगळी असते, एकदा बघून घ्या. ज्यांचा लॅपटॉप अजून वर्षाच्या आत आहे त्यांनी कापड-चोळणी न करता कंपनीकडे लेखी तक्रार टाकावी. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

आणि आता ऊन. बहुतेक लॅपटॉपांच्या पुस्तिकेत वापराचं तापमान ३५ अंशांपर्यंत दिलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात ४५ सहज होतं, टिनाखाली आणि बंद गाडीत त्याहून जास्त. उष्णतेनं स्क्रीनच्या आतल्या फिल्मांना सुरकुत्या पडतात, चिकटपट्ट्या सैल होतात. त्यानं बसलेला डाग बेझल सैल करून जात नाही. लग्नात मांडवाबाहेर उभ्या गाडीत लॅपटॉप ठेवून जेवायला बसू नका, वाटल्यास ताटाशेजारी ठेवा.

बाबांना सांगा, साडेसहा हजार वाचले, पण दोन-तीनशे रुपये आणि यवतमाळचं एसटीचं तिकीट लागेल. उतरवलेल्या ब्राइटनेसवर केलेला पहिला अल्बम लॅबमधून आला की पानं ओसरीत धरून बघा आणि मला कळवा. तरीही काळपटच आला, तर लॅबला पाठवली तीच फाईल मला पाठवा. स्क्रीनचा फोटो नको.